पात्रता फेरीवाले शालिकभाऊ

टेनिसची मोठी फायनल असली की आमचे शालिकभाऊ टीव्ही बंद करतात. नुसता बंद करत नाहीत, प्लग काढून वायर खुंटीला गुंडाळून ठेवतात. न जाणो, एखाद्या गिऱ्हाइकाचा हात लागायचा आणि पडद्यावर जगज्जेता दिसायचा. जिंकणं हा खरजेसारखा रोग आहे आणि तो टीव्हीतून पसरतो, अशी त्यांची समजूत असावी. मी एकदा विचारलं, "भाऊ, वर्षभर टेनिस पाहता अना फायनलले तोंड फिरवता, काहून जी?" तर म्हणाले, "शेवटच्या दिवशी उरते कोण तिथं? दोघं. अना त्यातला एक तर जितणाराच."

'जितणारा' हा शब्द ते असा उच्चारतात की ऐकणाऱ्यानं आपल्या खिशाला हात लावून पाहावा.

शालिकभाऊ म्हणजे शालिकराम काटेखाये. पवनीत त्यांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतकरी जळालेला पंप घेऊन येतात, शालिकभाऊ त्यातली काळी पडलेली तार उपसून काढतात, नवी तांब्याची तार भरतात, वार्निश पाजतात आणि पंप परत देतात. हात इतका चांगला की पार आसगावचे लोक त्यांच्याकडे येतात. माझं कापडाचं दुकान त्यांना लागून आहे. मधे एक पत्र्याची भिंत. त्या पत्र्यानं गेली तीन वर्षं मला टेनिस शिकवलं. मी क्रिकेटवाला माणूस, माझी इच्छा कोणी विचारली नाही.

आता कोणाला वाटेल, टेनिसचा शौकीन म्हणजे मोठमोठ्या खेळाडूंची नावं, त्यांचे विक्रम, त्यांची घड्याळं. तसलं काही नाही. शालिकभाऊ फक्त हरणाऱ्यांना पाहतात. मोठ्या स्पर्धेच्या आधी आठवडाभर एक पात्रता फेरी असते म्हणे. ज्यांचा नंबर मुख्य स्पर्धेत बसत नाही असे शंभरावर खेळाडू कडेच्या मैदानांवर आपसांत झुंजतात, त्यातले मूठभर आत घेतात, बाकीचे घरी. बघायला कुत्रं नसतं. शालिकभाऊंच्या शब्दांत, "दोन लोक बसून राहतात, त्यातला एक बाप." हे सामने टीव्हीवर लागत नाहीत, म्हणून ते मोबाइलवर पाहतात. मुख्य स्पर्धेची पहिली फेरी टीव्हीवर पाहतात. दुसऱ्या फेरीत त्यांचं मन उडायला लागतं, कारण तिथवर पोचलेला प्रत्येक जण एकदा तरी जिंकलेला असतो. आणि जिंकला की माणूस त्यांच्या मनातून उतरला.

खेळाडूंची नावं त्यांना घेता येत नाहीत आणि ते घेतही नाहीत. एक 'झेकचा लंबू' आहे, एक 'कझाकचा रडका', एक 'पोटवाला', ज्याचं पोट प्रत्येक देशात बिघडतं. सध्या जो सगळ्या स्पर्धा जिंकत सुटला आहे त्याला ते 'बारमाही' म्हणतात. "आला काय बारमाही? आला असन. त्याले काम काय दुसरं?" एवढ्यावर त्या बिचाऱ्याची सगळी कारकीर्द निकालात निघते.

रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत त्यांच्या दुकानात बसणं म्हणजे शिक्षा. बाहेर वीज झटके देते, पंप जळतात, बांधीत भाताचे पऱ्हे लावणीची वाट पाहत उभे असतात आणि आत नेमकी लंडनच्या गवतावरची पहिली फेरी चालू असते. आसगावचा एक शेतकरी एकदा असाच मोटर घेऊन बसला होता. शालिकभाऊंचा एक हात कॉइलमध्ये, दोन्ही डोळे टीव्हीत.

"भाऊ, होईन ना आज? बाया लावल्या आहेत रोवणीले."

"होईन जी. थांब. हा पोट्टा आता डबल फॉल्ट करन."

पोट्ट्यानं डबल फॉल्ट केला. शालिकभाऊंचा चेहरा उजळला. "पाहा. म्हटलं होतं ना? कामाचा पोट्टा आहे."

शेतकऱ्यानं भोळेपणानं विचारलं, "कोण जितून राहिला?"

"ते कायले पाह्यजे तुले?" शालिकभाऊ म्हणाले, आणि त्या माणसाची मोटर उगाच अर्धा तास उशिरा मिळाली.

बरं, या माणसाला टेनिसचं प्रेम असावं, तर तेही नाही. टेनिसला त्यांच्याइतक्या शिव्या मी कोणाकडून ऐकल्या नाहीत. गुणांपासून सुरुवात. "पंधरा, तीस, चाळीस. पंचेचाळीस पाह्यजे होतं ना जी? पाच खाल्ले कोणी तरी. एवढ्या वर्षांत कोणी चौकशी नाही केली." मग सर्व्हिस. "मारायच्या पहिले बारा डाव चेंडू आपटते. रोवणीची बाई एकेक पऱ्हा बारा डाव आपटन तर होईन काय रोवणी?" मग ते टॉवेल. प्रत्येक चेंडूनंतर घाम पुसणारा माणूस त्यांना पाहवत नाही. मग मधेच लघवीला जाणं, हरायला लागलं की डॉक्टर बोलावणं, केळाचं एक टोक खाऊन उरलेलं पिशवीत ठेवणं.

सगळ्यात जास्त राग त्यांना वर्षाच्या वेळापत्रकाचा. "जानेवारीत ऑस्ट्रेलिया, तिथं तवा ऊन. मंग अरबाच्या वाळवंटात, मंग अमेरिकेत, मंग युरोपच्या लाल मातीत, मंग गवतावर, परत अमेरिका, मंग चीन, अना थंडी वाजली की घरात घुसून खेळते. अकरा महिने उन्हाच्या मागं पळते हे लोक. आपल्या तलावावरचे पाखरं बी एवढे फिरत नाहीत." गवताच्या हंगामाबद्दल तर बोलायलाच नको. "चार-पाच आठवड्याचं गवत, अना केवढा माज. पांढरे कपडे घालाचे म्हणते. आमच्या वावराच्या धुऱ्यावर याच्यापेक्षा जास्त दिवस राहते गवत, मी घालतो काय पांढरे कपडे?"

आणि एवढं सगळं बोलून दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. कुठल्या तरी देशात कुठला तरी पोरगा हरत असतो आणि शालिकभाऊ तार गुंडाळता गुंडाळता म्हणत असतात, "वा. हारणं पाहा, हारणं."

पात्रता फेरीत हरलेल्यांपैकी काही जण मैदान सोडून जात नाहीत. मुख्य स्पर्धेत कोणी ऐन वेळी आजारी पडलं तर त्याची जागा मिळेल म्हणून बॅग घेऊन तिथंच थांबतात. त्याला तिकडे 'लकी लूजर' म्हणतात. हे कळलं त्या दिवशी शालिकभाऊंनी काम थांबवलं. "हारलेल्याले नशीबवान म्हणते. इंग्रज मोठे बदमाश," असं म्हणाले आणि रस्त्याकडे पाहत बसले. मला वाटलं, विडी प्यायची हुक्की आली असेल.

त्यांच्या घरी वच्छलावहिनी आहेत. नवऱ्याबद्दल त्यांचं मत पक्कं. "यायले हारलेलेच आवडते. म्हणून तर माह्या भावाशी जमत नाही." वहिनींचे भाऊ सानगडीचे. त्यांची बैलजोडी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या शंकरपटात पहिली येते आणि ते ती गोष्ट पुढच्या शंकरपटापर्यंत सांगत राहतात. पवनीत सगळे त्यांना मामाच म्हणतात, कारण ते प्रणालीचे मामा.

प्रणाली म्हणजे शालिकभाऊंची एकुलती मुलगी. नागपुरात खोली करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. अभ्यासाला बरीच वर्षं झाली. कधी पूर्वपरीक्षा निघते, मुख्य अडते. कधी पूर्वच अडते. दोन दिवाळ्या ती घरी आली नव्हती. मला खरं सांगायचं तर या माणसाची चीड यायची. पोरगी तिकडे एकटी खोलीत पुस्तकात डोकं घालून बसलेली, आणि बाप इकडे कझाकस्तानच्या पोराच्या खांद्याची काळजी करतोय. कोणी विचारलं, "प्रणालीचं काय झालं, भाऊ?" की यांचं उत्तर, "त्या पोटवाल्याचं परत बिघडलं जी." विचारणारा कपाळावर हात मारून निघून जायचा. तिचा दर रविवारी दुपारी फोन यायचा, तोही टेनिससाठीच. शालिकभाऊंचे हात वार्निशनं भरलेले, म्हणून फोन स्पीकरवर. पत्र्यापलीकडून बापलेकीचं ऐकू यायचं, कोण कसा हरला, किती चांगला हरला. अभ्यासाचा एक शब्द नाही. मी बायकोला म्हणायचो, बापानं पोरीलाही वेड लावलं.

मागच्या दिवाळीनंतर मंडई आली. ज्यांना मंडई ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या भंडाऱ्याकडे भाऊबीज झाली की गावोगाव पाळीपाळीनं मंडई भरते. जिलेबी, ऊस, पाळणे, रात्री दंडार नाहीतर नाटक, आणि घरोघर पाहुणे. हे झालं वरवरचं. आतलं काम वेगळंच. मंडईत सोयरिकी जुळतात. कोणाची पोरगी लग्नाची आहे, कोणाचा पोरगा नोकरीला लागला, हे सगळं जिलेबी खाता खाता ठरतं. मंडईच्या दिवसांत पवनीतल्या माणसाला दोन पोक्त लोक हळू आवाजात बोलताना दिसले की तो तिसरी गोष्ट मनात आणतच नाही.

अशा दिवशी, रविवारी दुपारी, मामा माझ्या दुकानात शर्टाचं कापड पाहत होते आणि पत्र्यापलीकडे फोन सुरू झाला.

"पोट्टा चांगला आहे बाई. मले तर पसंत आहे."

"उंच किती आहे, बाबा?"

"सहा फूट चार इंच. पण वाकून चालते. नम्र आहे."

मामांच्या हातातलं कापड हातातच राहिलं.

"घरी कोण कोण आहे त्याच्या?"

"बाप पावाची भट्टी चालवते. माय सोबत फिरते, त्याच्या जेवणाचं पाहते. साधे लोक."

"अना गुडघ्याचं?"

"आहे थोडंसं. पट्टी बांधते. पण लपवत नाही, हे महत्त्वाचं. तू पाहून घे एकदा, आज सातले आहे. मंग सांग मले कसा वाटला."

"बरं बाबा, पाहीन."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी मामांकडे पाहिलं. एरवी मी सांगितलं असतं की मामा, हे टेनिस आहे. पण शपथेवर सांगतो, त्या दिवशी मलाही ते टेनिस वाटलं नाही. मंडईची हवाच तशी असते. मामांनी कापड तिथंच टाकलं आणि चपला घातल्या न घातल्या करून गेले.

संध्याकाळपर्यंत प्रणालीची सोयरीक मंडईभर झाली होती. पावाची भट्टी म्हणजे मुलगा भंडाऱ्याचा असणार, असं एकाचं मत. दुसरा म्हणे, नाही, तुमसरचा. सहा फूट चार इंचाचा जावई घरात शिरताना चौकटीला डोकं आपटेल, तेव्हा शालिकनं आधी दार वाढवावं, हा सल्ला तीन जणांनी दिला. एका म्हातारीनं जिलेबीचा तुकडा मोडत निकाल दिला, "गुडघा दुखते म्हणजे वय लपवून राहिले." वच्छलावहिनी पुऱ्या तळता तळता फणफणत होत्या, की नवऱ्यानं सगळ्या गावाला सांगितलं आणि आपल्याला नाही. स्वतः शालिकभाऊंना काहीच पत्ता नव्हता. त्या दिवशी वर्षअखेरच्या बड्या स्पर्धेची फायनल होती. ते टीव्हीची वायर गुंडाळून आत झोपले होते.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मामा शंकरपट जिंकणारे. थांबणं त्यांना माहीत नाही. मंडईतूनच, पाठीमागे लाउडस्पीकर कोकलत असताना, त्यांनी भाचीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पोरी, चांगलं झालं. सोड आता ते पुस्तकं. लय झालं. पोट्टा पसंत आहे तुह्या बापाले. गुडघ्याचं पाहून घेऊ, आपल्या ओळखीचा वैद्य आहे." मग फोन खिशात टाकून त्यांनी जाहीर केलं, "लाजली. काही बोललीच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी शालिकभाऊंचा फोन वाजला. सोमवारी वाजला, तेव्हाच मला वेगळं वाटलं.

"बाबा, तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं काय, की माझ्यानं आता काही होत नाही?" आवाज रडण्याच्या पलीकडे गेलेला होता, नुसता थकलेला. "तर मंग सरळ सांगाचं होतं ना. टेनिसच्या आडून कायले सांगता?"

"अवो बाई, कायचं काय? तो तर अर्जेंटिनाचा..."

फोन कटला. त्यांनी परत लावला, तिनं उचलला नाही. परत लावला.

थोड्या वेळानं शालिकभाऊ माझ्या दुकानात आले. आजवर कधी आले नव्हते, वार्निशचे हात कापडाला लागतील म्हणून. आले आणि गादीच्या कडेला बसले. मंडईत काय झालं ते मी त्यांना सांगितलं. ते हसले नाहीत, मामांना शिवीही दिली नाही. मीच काही बोलायचं म्हणून म्हणालो, "जाऊ द्या भाऊ. तुमचं टेनिसचं वेडच असं आहे, लोकांचा बी घोटाळा होते."

"मले टेनिस आवडते असं कोण सांगतलं तुले?" ते म्हणाले. "मले कंटाळा येते त्याचा. एक जण इकडून मारते, एक जण तिकडून मारते. तीन वर्षं झाले, मी तेच पाहून राहिलो."

मग ते बोलले. मान खाली घालून, नखातलं वार्निश खरवडत. मुख्य परीक्षा दुसऱ्यांदा गेली तेव्हा पोरीनं बोलणंच सोडलं. जेवली काय? हो. तब्येत बरी? हो. ठेवतो. एवढाच फोन. "अभ्यासाचं विचारलं तर ती चूप. नाही विचारलं तर तिले वाटे, बापानं आशा सोडली. मले समजेना, काय बोलाव पोरीशी. फोन करायच्या पहिले मी इथं बसून वाक्य पाठ करो जी. मंग एक डाव तीच म्हणाली, बाबा, मेसमधल्या टीव्हीवर टेनिस चालू होतं. एक पोट्टा हारला अना टॉवेल तोंडावर घेऊन बसला. उठूनच नाही राहिला. मी म्हटलं, मंग? तर तिनं पूर्ण मॅच सांगतली मले. अर्धा घंटा बोलली, दिवाकर. अर्धा घंटा."

दुसऱ्या दिवसापासून शालिकभाऊंनी टेनिस पाहायला सुरुवात केली.

"अना जितणाऱ्याचं काहून नाही सांगत तिले?" मी विचारलं.

"जितणाऱ्याचं सांगतलं तर तिले वाटन, बाप टोमणा मारून राहिला."

मला काय वाटलं ते सरळ सांगतो. मला रडू आलं, आणि त्याच्या आधी राग आला. त्या पत्र्याच्या भिंतीचा राग आला. तीन वर्षं तिनं मला एकेक शब्द ऐकवला आणि एकही समजू दिला नाही.

पुढचे रविवार वाईट गेले. मामांना वहिनींनी असं फैलावर घेतलं की ते सानगडीला निघून गेले आणि तिथून निरोप पाठवत राहिले, नागपूरला जाऊन माफी मागू का म्हणून. त्यांना कोणी जाऊ दिलं नाही. प्रणाली आईचा फोन उचलायची, दोन शब्द बोलून ठेवायची. बापाचा उचलत नव्हती. त्यात डिसेंबर लागला.

डिसेंबरात टेनिस नसतं. अकरा महिने पाखरांसारखी फिरणारी ती माणसं या एका महिन्यात आपापल्या घरी जाऊन पडतात. शालिकभाऊंना मी आजवर पुष्कळ गोष्टींवर चिडलेलं पाहिलं होतं, पण वेळापत्रकावर चिडण्याचं त्यांचं कारण मला आता कळलं. तक्रार जास्त खेळण्याची नव्हतीच. "एक महिना सुटी कायले पाह्यजे यायले?" ते म्हणाले. "आता मी कायचा फोन लावू? तिनं उचललाच, तर सांगू काय?"

मी म्हटलं, क्रिकेटचं सांगा. आपलेही लोक हरतात अधूनमधून. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी चहा मागवला.

शेवटी एका दुपारी तिनं फोन उचलला. मी त्यांच्या दुकानातच स्टुलावर बसलो होतो. धान निघून गेलेलं, उन्हाळी पिकाला अवकाश, त्यामुळे जळालेले पंप नव्हते आणि आम्ही दोघं रिकामे. पलीकडून नुसतं "हं" आलं. शालिकभाऊंनी इतके दिवस पाठ केलेलं वाक्य त्यांना आठवेना, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. तोंडातून भलतंच निघालं.

"ते... काल एक मॅच झाली."

प्रणालीला टेनिसचं वेळापत्रक बापापेक्षा जास्त पाठ. मी डोळे मिटून घेतले. आता ती म्हणणार, बाबा, डिसेंबरमध्ये कुठली मॅच?

"कोणाची?" तिनं विचारलं.

"तू नाही ओळखत त्याले. लहानशी स्पर्धा आहे. टीव्हीवर दाखवत नाहीत."

"कोणत्या देशाचा आहे?"

शालिकभाऊंनी दुकानभर नजर फिरवली. "पराग्वेचा."

"हारला?"

"हारला."

"स्कोअर?"

"स्कोअर नाही पाहिला मी." तीन वर्षांत हे प्रथमच घडत होतं. "मॅच संपल्यावरचं पाहिलं. त्यानं सामान भरलं अना बापाले फोन लावला."

मग आवाज आला, अगदी हळू.

"काय म्हणाला बाप?"

"बाप म्हणाला," शालिकभाऊंनी तार खाली ठेवली, "खेळाचं असन तर खेळ. किती बी वर्षं खेळ, मी आहो. अना नसन खेळाचं तर नको खेळू. घरी ये. तुले कोणी काही म्हणणार नाही. म्हटलं तर त्याले पहिले माह्या समोर याव लागन."

"अना लोक? त्याच्या गावचे?"

"लोकाले काय, मंडई पाह्यजे."

"अना त्याचा मामा?"

"त्याचा मामा मूर्ख आहे," शालिकभाऊ म्हणाले.

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. त्यात थोडं हसू होतं की काय, मला सांगता येणार नाही.

"मंग तो पोट्टा काय म्हणाला बापाले?"

"ते नाही समजलं बाई मले अजून."

तिच्या खोलीबाहेरून कोणी भाजीवाला ओरडत गेला, तो आम्ही दोघांनी पूर्ण ऐकला.

"बरं," ती म्हणाली. "उद्या सांगाल मले, पुढं काय झालं त्याचं ते."

फोन ठेवल्यावर शालिकभाऊ उठले, पाणी प्यायले, परत बसले. मग त्यांचा चेहरा एकदम काळजीत पडला.

"दिवाकर, आता उद्या काय सांगू जी? हारल्याच्या दुसऱ्या दिवशी काय करते हे लोक? मॅच संपली की दाखवणंच बंद करते, मी कधी पाहिलंच नाही."

"काय करतीन?" मी म्हटलं. "झोपून उठतीन, जेवतीन."

"मंग तेच सांगतो. घरी पोचला म्हणतो. पोटभर जेवला म्हणतो, दोनदा भात घेतला म्हणतो."

"पराग्वेत भात खाते काय लोक, भाऊ?"

"माहा पोट्टा आहे," शालिकभाऊ म्हणाले. "मी वाढीन ते खाईन."